चिडणारा वाघ आदर्श का ठरतो: डॅनियल टायगरच्या एका भागाचं प्रकरण

समुद्रकिनाऱ्यावर जायचं ठरलेलं असतं, मित्र घरी आलेला असतो आणि नेमका पाऊस सुरू होतो. कार्टून मालिकेतला चार वर्षांचा डॅनियल टायगर आणि त्याचा मित्र प्रिन्स वेन्सडे दोघेही भयंकर चिडतात. डॅनियलची आई त्यांना रागवत नाही. ‘एवढं काय त्यात’ असंही म्हणत नाही. राग आलाय हे ती आधी मान्य करते आणि मग एक छोटं गाणं म्हणते. गर्जना करावीशी वाटेल इतका राग आला, तर खोल श्वास घ्यायचा आणि चारपर्यंत मोजायचं, इतकाच त्या गाण्याचा आशय. अकरा मिनिटांच्या गोष्टीत ते अनेकदा येतं. त्याच भागातल्या दुसऱ्या गोष्टीत त्याची मैत्रीण कटरिना किटीकॅट चिडते आणि तिच्यासाठीही तेच गाणं, तीच कृती वापरली जाते.

मुलांसमोर आदर्श म्हणून कोणतं कार्टून ठेवावं, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. शूर, प्रामाणिक, मदतीला धावणारा नायक हे त्याचं ठरलेलं उत्तर. इथे मात्र अभ्यासासाठी पाऊस पडला म्हणून चिडणारा एक लहानसा वाघ घेतला आहे. चार वर्षांच्या मुलासमोरची अडचण राक्षसाला हरवण्याची नसते. बेत फिसकटला तर ते काय करतं, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न असतो.

पात्र आलं कुठून

डॅनियल मुळात हातात घालून खेळवायची बाहुली होता. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या डब्ल्यूक्यूईडी या दूरचित्रवाणी केंद्रावर १९५४ मध्ये मुलांचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यात फ्रेड रॉजर्स हा लाजाळू, घड्याळात राहणारा पट्टेरी वाघ खेळवत असत. पुढे १९६८ पासून २००१ पर्यंत चाललेल्या ‘मिस्टर रॉजर्स नेबरहुड’मध्येही तो होता. भीती, मत्सर, राग यांबद्दल मुलांशी सरळ बोलायचं, हे रॉजर्स यांचं सूत्र. त्याच वाघाच्या चार वर्षांच्या मुलाला नायक करून सप्टेंबर २०१२ मध्ये पीबीएस किड्स या अमेरिकेतल्या मुलांच्या वाहिनीवर ‘डॅनियल टायगर्स नेबरहुड’ ही कार्टून मालिका आली. तिच्या निर्मात्या अँजेला सँटोमेरो याआधी ‘ब्लूज क्लूज’ या लहान मुलांच्या कार्यक्रमाच्या सहनिर्मात्या होत्या. पात्राने प्रेक्षकाकडे वळून बोलायचं आणि उत्तरासाठी थांबायचं, ही पद्धत त्यांनी तिथून आणली.

प्रत्येक भागात अकरा-अकरा मिनिटांच्या दोन गोष्टी असतात. प्रसंग निराळे, पण दोन्हींत युक्ती एकच आणि गाणंही एकच. राग आणि वैताग यांसाठीसुद्धा वेगवेगळी गाणी आहेत. रागासाठी श्वास आणि मोजणी. एखादी गोष्ट जमत नाही म्हणून आलेल्या वैतागासाठी थोडं मागे सरून मदत मागणं. हा भेद बारीक वाटतो, पण तो महत्त्वाचा आहे. ठोकळ्यांचा मनोरा सारखा कोसळणाऱ्या मुलाला श्वास घेऊन फार उपयोग होत नाही, कारण त्याची अडचण मनोऱ्यात आहे.

चुकणारं पात्र जास्त उपयोगी का

मूल पाहून शिकतं, हे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ आणि १९६३ च्या प्रयोगांतून दाखवलं. १९६३ च्या प्रयोगात मोठ्या माणसाला बाहुलीला बडवताना काही मुलांनी प्रत्यक्ष पाहिलं, काहींनी चित्रफितीत पाहिलं आणि काहींना मांजराच्या वेषातलं कार्टूनसारखं पात्र दाखवलं. तिन्ही गटांत मारण्याचं अनुकरण झालं. म्हणजे पात्र खोटं आहे हे कळत असलं, तरी त्याची कृती उचलली जाते.

मग नायकाची चांगली कृतीही तशीच उचलली जाईल, अशी आशा वाटते. इथे घोटाळा आहे. सारा कॉइन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये बालवाडीच्या वयाच्या २४० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुपरहिरोंमध्ये रमणाऱ्या मुलांत वर्षभरानंतर आक्रमकता जास्त दिसली. दुबळ्या मुलाच्या बाजूने उभं राहण्याची वृत्ती मात्र वाढलेली दिसली नाही. कारण समजण्यासारखं आहे. सुपरहिरोचा ठोसा पडद्यावर स्पष्ट दिसतो आणि लगेच करूनही पाहता येतो. त्यामागचा हेतू, न्याय, संयम हे सगळं संवादांत आणि कथेच्या वळणांत दडलेलं असतं. चार वर्षांचं मूल दिसतं ते उचलतं.

डॅनियलच्या भागात नेमकी शिकवायची गोष्टच दिसते. छाती फुगते, बोटं मोजली जातात, चेहरा सैल होतो. दुसरं असं की डॅनियलला हे सुरुवातीला येत नसतं. मानसशास्त्रात दोन प्रकारचे आदर्श वेगळे मानतात: पहिल्यापासून सगळं येणारा, आणि अडखळत अडखळत जमवणारा. डोनाल्ड माइकेनबॉम यांनी १९७१ मध्ये सापाची भीती असलेल्या लोकांवर केलेल्या प्रयोगात असं दिसलं, की आधी घाबरून मग सावरणारा माणूस पाहिल्याने प्रेक्षकांची भीती जास्त कमी झाली. न घाबरणारा माणूस पाहून तितका फायदा झाला नाही. निर्दोष नायकाकडे पाहून मूल भारावतं, पण आपल्या घशात दाटलेल्या रागाचं करायचं काय, हे त्याला कळत नाही.

वेगाचाही भाग आहे. अँजेलीन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांनी २०११ मध्ये चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले. एका गटाला नऊ मिनिटं झपाट्याने दृश्यं बदलणारं कार्टून दाखवलं, दुसऱ्याला संथ कार्टून दाखवलं, तिसऱ्याला चित्र काढायला दिलं. लगेच घेतलेल्या चाचण्यांत झपाट्याच्या कार्टूनचा गट स्वतःला आवरण्यात मागे पडला. आवरायला शिकवणारं कार्टून संथच असायला हवं. डॅनियल तसा आहे.

परिणाम झाला का, आणि कुणावर

टेक्सास टेक विद्यापीठातल्या एरिक रासमुसेन आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा अभ्यास या प्रकरणाचा कणा आहे. दोन ते सहा वर्षांची १२७ मुलं. काहींनी दोन आठवड्यांत डॅनियलचे दहा भाग पाहिले, बाकीच्यांनी निसर्गावरचा माहितीपट. मग दुसऱ्याच्या भावना ओळखणं, सहानुभूती आणि नव्या माणसांत वावरताना वाटणारा आत्मविश्वास तपासला.

डॅनियल पाहिलेली मुलं पुढे होती, पण सगळी नाही. ज्या घरांत मुलांनी पाहिलेल्या कार्यक्रमांबद्दल मोठी माणसं नेहमी त्यांच्याशी बोलत, तिथेच हा फरक दिसला. जिथे बोलणं होत नव्हतं, तिथे दहा भाग पाहूनही मूल जवळपास होतं तिथेच राहिलं. या निष्कर्षाकडे पाहूनच बाकी सगळं ठरवावं. पात्र कितीही चांगलं निवडलं, तरी त्याची कृती पडद्यावरून घरात आणण्याचं काम मोठ्या माणसाकडेच राहतं.

असं का होतं, याचा उलगडा आणखी दोन अभ्यासांतून होतो. मेरी-लुईझ मॅरेस आणि एमिली अकोस्टा यांनी २००८ मध्ये बालवाडीतल्या मुलांना एका कार्टूनचा भाग दाखवला. त्यात तीन पायांचा कुत्रा येतो, बाकीचे कुत्रे त्याला घाबरतात आणि शेवटी मैत्री करतात. वेगळ्या माणसाला आपलं म्हणावं, हा त्याचा बोध. मुलांपर्यंत तो फारसा पोहोचला नाही. अनेकांनी तो तीन पायांच्या कुत्र्यांपुरताच घेतला. गोष्टीचा बराचसा वेळ भीती आणि तिटकारा दाखवण्यात जातो आणि समेट शेवटी येतो. मुलाच्या लक्षात राहतं ते जास्त वेळ दिसलेलं.

दुसरा अभ्यास थेट वाघालाच प्रश्न विचारणारा आहे. टोरोंटोतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांना वस्तू वाटून घेण्याची एक गोष्ट वाचून दाखवली. एका गटाच्या पुस्तकात माणसांची मुलं होती, दुसऱ्या गटाच्या पुस्तकात कपडे घातलेले प्राणी. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर स्वतःच्या वस्तू जास्त वाटल्या. प्राण्यांच्या गोष्टीने तसं झालं नाही. प्राण्याचं वागणं आपल्याला लागू आहे, हे बऱ्याच मुलांना आपोआप जाणवत नाही. तेव्हा डॅनियल वाघ असणं ही त्याची खरी मर्यादा आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. ‘तुलाही काल असंच झालं होतं ना?’ असं कुणीतरी म्हणावं लागतं, तेव्हा वाघ आणि मूल यांच्यातलं अंतर कमी होतं.

घरी वापरायचं कसं

एका वेळी एकच गोष्ट लावायची, अकरा मिनिटांची. तीही मूल शांत, पोट भरलेलं, झोप झालेली असताना. तीच गोष्ट तीन ते पाच दिवस पुन्हा लावायची. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. ‘ब्लूज क्लूज’वर १९९९ मध्ये झालेल्या अभ्यासात एकच भाग पाच दिवस पाहणाऱ्या मुलांची समज वाढत गेलेली दिसली आणि शेवटच्या दिवसांत ती पडद्याला जास्त उत्तरं देऊ लागली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन अशी मर्यादा सांगितली आहे. एक गोष्ट रोज, हे त्यात आरामात बसतं.

गोष्ट दोन ठिकाणी थांबवायची. पहिलं ठिकाण, डॅनियलचा चेहरा बदलतो पण आईने अजून काही म्हटलेलं नसतं तेव्हा. ‘याला काय झालंय? तुला कशावरून कळलं?’ असं विचारायचं आणि मुलाने भुवया, आवळलेल्या मुठी, आवाज यांतलं काहीतरी दाखवेपर्यंत थांबायचं. दुसरं ठिकाण, गाणं संपल्यावर. तिथे प्रश्न नको, सगळ्यांनी मिळून श्वास घ्यायचा. दोनपेक्षा जास्त वेळा थांबवलं तर मूल वैतागतं आणि ते रास्तच आहे.

श्वास वेगळा शिकवावा लागतो. ‘खोल श्वास घे’ म्हटलं की बहुतेक मुलं खांदे कानांपर्यंत उचलतात आणि भराभर धापा टाकतात. त्याने शांत वाटत नाही, उलट चक्कर आल्यासारखं होतं. मुलाला पाठीवर झोपवून पोटावर हलकं खेळणं ठेवायचं. श्वास आत घेताना खेळणं वर जायला हवं, सोडताना हळूहळू खाली. सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं. असे चार श्वास पुरतात. जमलं की तेच बसून, मग उभं राहून. मोजताना एकेक बोट उघडायचं, म्हणजे मूठ आपोआप सुटते. तीन वर्षांखालच्या मुलाकडून श्वास आणि मोजणी एकत्र होत नाही. त्याने मोठ्यांबरोबर नुसती फुंकर मारली तरी चालेल.

गाणं इंग्रजीत आहे, म्हणून घरच्या बोलीत एक ओळ करून घ्यावी. ‘राग आला फार? श्वास घे, मोज चार’ अशी काहीही चालेल. ती छोटी हवी, तिच्यातच कृती हवी, आणि आई, बाबा, आजी, पाळणाघरातल्या ताई अशा सगळ्यांनी तेच शब्द वापरायला हवेत. प्रत्येकाने वेगळी ओळ म्हटली तर मुलाला ती युक्ती म्हणून ओळखू येत नाही.

यानंतरचा भाग लोक हमखास गाळतात आणि तोच सगळ्यात कामाचा आहे: खेळात सराव. मिस्टर रॉजर्सच्या कार्यक्रमावर १९७५ मध्ये लिनेट फ्रेडरिक आणि अलेथा स्टाइन यांनी बालवाडीच्या मुलांचा अभ्यास केला. कार्यक्रमातले प्रसंग काही मुलांकडून प्रत्यक्ष करवून घेतले, तेव्हा त्यांचं मदत करणं वाढलं. नुसत्या बोलण्यापेक्षा प्रसंग करून पाहण्याचा वर्तनावर जास्त परिणाम झाला. घरी यासाठी दोन बाहुल्या किंवा दोन मोजेही पुरतात. मोठ्या माणसाची बाहुली आधी चिडते आणि मुलाची बाहुली तिला श्वास शिकवते. प्रसंग मुलाच्या रोजच्या जगण्यातला घ्यायचा: खेळणं हिसकावलं, टीव्ही बंद झाला, बाहेर जाणं रद्द झालं. पाच मिनिटांपेक्षा जास्त नको.

आणि मोठ्यांनी स्वतःवर ही युक्ती मोठ्याने वापरायची. किल्ली सापडत नाही, फोन लागत नाही, दूध उतू गेलं, अशा वेळी ‘मला राग आलाय, थांब, मी श्वास घेते’ हे मुलाच्या कानावर पडायला हवं. कार्टूनमध्ये डॅनियलच्या शेजारी त्याचे आई-बाबा सतत असतात आणि ते गुडघ्यावर बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन बोलतात. अर्धा आदर्श तेच आहेत आणि तो पालकांसाठी मांडलेला आहे.

खरा राग येतो तेव्हा

पहिल्या ठिणगीलाच ओळ म्हणायची, तीही एकदाच. मूल सामील झालं तर उत्तम. त्याने ‘नको!’ म्हटलं किंवा ते आधीच किंचाळत जमिनीवर पडलेलं असलं, तर गाणं बंद. मायकेल पॉटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांच्या २००३ च्या अभ्यासात मुलांचे सुमारे तीन चतुर्थांश थयथयाट पाच मिनिटांच्या आत संपलेले दिसले. राग लवकर शिगेला पोहोचून ओसरतो, रडणं मागे उरतं. शिगेला असताना काहीही शिकवलं तरी आत जात नाही. त्या मिनिटांत मारणं-फेकणं थांबवायचं, जवळ बसायचं, गप्प राहायचं. आवाज रडण्याकडे वळला की मूल जवळ घेऊ देतं. श्वास त्यानंतर.

श्वास घेतला म्हणून पाऊस थांबत नाही, हेही मुलाला सांगावं लागतं. शांत झाल्यावर तीन गोष्टी थोडक्यात: काय वाटलं त्याचं नाव, काय होणार नाही ते, आणि काय करता येईल ते. ‘जायचं होतं म्हणून राग आला. आज जाता येणार नाही. घरातच समुद्र करायचा की चित्र काढायचं?’ हा शेवटचा टप्पा गाळला तर मुलाला वाटतं, श्वास म्हणजे गप्प बसवण्याची युक्ती. मग ते पुढच्या वेळी श्वास घेत नाही.

रेचल व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून एक चांगली कल्पना मिळते. चार आणि सहा वर्षांच्या मुलांना दहा मिनिटांचं कंटाळवाणं काम दिलं आणि मध्ये खेळ खेळायची मुभाही ठेवली. स्वतःला बॅटमन किंवा डोरा समजून, त्या नावाने स्वतःला प्रश्न विचारणारी मुलं सगळ्यात जास्त वेळ कामाला धरून राहिली. शांत वेळी ‘आता तू डॅनियल, डॅनियल काय करेल?’ असं खेळून पाहावं. शेपूट लावली तर आणखी छान.

कुठे बिघडतं

सगळ्यात मोठा बिघाड म्हणजे पात्राचा धाक. ‘डॅनियल असं करतो का?’ हे वाक्य एकदा जरी उच्चारलं, तरी तो मित्र राहत नाही, तुलनेतला दुसरा मुलगा होतो. बदलून म्हणायचं झालं तर: ‘डॅनियललाही असाच राग आला होता.’ शब्द जवळजवळ तेच, पण मूल एकटं पडत नाही.

दुसरा बिघाड, रडणाऱ्या मुलाला शांत करायला हाच भाग लावणं. तो रागावरचाच आहे, म्हणून ते योग्य वाटतं. जेनी रॅडेस्की आणि सहकाऱ्यांचा २०२२ चा अभ्यास तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या ४२२ पालकांवर होता. मूल शांत करायला वारंवार मोबाइल देणं आणि मुलाचा भावनिक उद्रेक वाढणं यांचा संबंध त्यात दिसला, विशेषतः मुलग्यांमध्ये. भाग पाहायची वेळ आधी ठरलेली असावी, रागाला उत्तर म्हणून तो कधीच लागू नये.

तिसरा बिघाड पालकांना गोंधळात टाकतो: मूल गाण्याआधी डॅनियलची तक्रारच उचलतं. नवा पदार्थ चाखण्याच्या भागानंतर, आधी कधी नखरे न केलेलं मूल ‘मला हे आवडत नाही’ म्हणू लागतं. तीन पायांच्या कुत्र्याच्या गोष्टीतला दोषच इथे लहान प्रमाणात दिसतो. ज्या अडचणीचा मुलाला पत्ताच नाही, तिचा भाग लावू नये. भावंड येणार नसेल तर भावंडाच्या मत्सराची गोष्ट कशाला? भाग मुलाच्या चालू अडचणीप्रमाणे निवडावा.

दोन-तीन आठवड्यांनी राग बंद झाला का, हे पाहू नये. तो बंद होत नाही, व्हायलाही नको. उद्रेकाची तारीख, कारण, अंदाजे मिनिटं आणि मारणं-चावणं झालं का, एवढं एका वहीत लिहावं. शांत व्हायला लागणारा वेळ कमी होणं, हात उगारण्याआधी ‘मला राग आलाय’ असं शब्दांत येणं, किंवा मुलाने मोठ्यांनाच ‘तू चार मोज’ सांगणं, ही प्रगती. शेवटची खूण बहुतेक वेळा आधी दिसते. स्वतःला वापरता येण्यापूर्वी मूल ती दुसऱ्याला शिकवतं.

मूल स्वतःला इजा करत असेल, दिवसात अनेकदा आणि खूप वेळ चालणारे उद्रेक होत असतील, किंवा वयाच्या मानाने बोलणं मागे असेल, तर कार्टूनवर वेळ घालवू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

सहाव्या-सातव्या वर्षी अनेक मुलं म्हणतात, हे लहान मुलांचं आहे. तेव्हा गाण्याचा आग्रह सोडून द्यावा आणि मुलालाच विचारावं, तुझी युक्ती कोणती. कुणी दहापर्यंत उलटं मोजतं, कुणी खोलीत जाऊन येतं, कुणी पाणी पितं.